पाच सुताचा मास्टर

पोकुआने पोतं माझ्या बाकावर आपटलं, तेव्हा आतून लोखंड खणखणलं. तिच्या मागे रस्त्यावर तिची पांढरी कोरियन व्हॅन उभी होती. एका ट्रकने ती दोराने ओढत आणली होती.

"मामा, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स गेला," ती म्हणाली. "मॅन्युअल बसवून द्या."

"जाणारच होता," माझा जोडीदार सुलेमाना व्हॅनखालूनच ओरडला. गाडी दिसली की आधी खाली शिरायचं आणि मग मालकाशी बोलायचं, ही त्याची जुनी खोड. "पोती भरून घाट चढायला ऑटोमॅटिक म्हणजे नवरीला नांगराला जुंपण्यासारखं!"

सुआमे मॅगझिन ही आमची कुमासीतली फिटरांची वस्ती. इथे रोज कोणाचा तरी ऑटोमॅटिक बॉक्स उतरतो आणि मॅन्युअल चढतो. त्यामुळे काम नवं नव्हतं. नवं होतं ते पोतं. मी पोत्याचं तोंड सोडलं. आत क्लचचा पेडल होता, दांड्यासकट. वरचं रबर एका कडेने झिजून गुळगुळीत झालेलं. शेजारी एक जुना मास्टर सिलिंडर, धुळीने माखलेला.

"हे कुठून आणलंस?"

"दुओदूच्या बसमधलं आहे."

सुलेमाना व्हॅनखालून बाहेर आला आणि हात पुसू लागला.

दुओदू तिचा नवरा. एजुराच्या बाजारापर्यंत बस चालवायचा. मागच्या काचेवर त्याने मोठ्या अक्षरांत 'घाई कोणाला आहे?' असं रंगवून घेतलं होतं, आणि माणूसही तसाच होता, संथ, पोटातून हसणारा. गेल्या हरमाटनमध्ये, धुळीच्या वाऱ्याने सूर्य पांढरा पडला होता त्या दिवसांत, माम्पाँगचा घाट चढताना त्याची बस मागे घसरली आणि दरीत गेली. तो गेला आणि बाजाराला निघालेल्या तीन बायका गेल्या. क्लीनर म्हणून त्याचा सख्खा भाऊ बाफोर दारात उभा होता. तो उडी मारून वाचला. त्यानेच पोलिसांना आणि कुळातल्या मोठ्यांना सांगितलं की दादा प्यायला होता.

त्या तीन बायकांच्या घरच्यांनी दुओदूच्या नावाने शाप दिले. कुळाने त्याला घाईघाईत पुरलं, ढोल नाहीत, भाषणं नाहीत. पोकुआला तर प्रेताजवळ बसूही दिलं नाही. नवरा सकाळी दारू पिऊन निघतो आणि बायकोला कळत नाही? काहींनी तर तिला चेटकीण म्हटलं. आमच्याकडे विधवेला तो शब्द चिकटला की जात नाही.

"मामा, पेडल हाच लावायचा आणि मास्टरही हाच," पोकुआ म्हणाली.

"पेडल लावतो. लोखंड ते लोखंड. पण मास्टर जमणार नाही."

"का?"

मी तिला बसायला डबा सरकवला. "हे बघ. पेडल दाबलास की वरचा मास्टर नळीतून तेल ढकलतो. ते तेल खाली गिअरबॉक्सशेजारच्या स्लेव्हला ढकलतं आणि स्लेव्ह क्लच सोडवतो. दोन पिचकाऱ्या समज. दुओदूचा मास्टर पाच सुताचा, म्हणजे इंचाच्या आठ भागांतले पाच. तुझ्यासाठी जो बॉक्स मी बघून ठेवलाय त्याचा स्लेव्ह सात सुताचा. बारीक पिचकारीतलं तेल जाड पिचकारीत गेलं की काय होईल? पाय लोण्यासारखा हलका लागेल, पण खालचा दांडा जेमतेम अर्धा सरकेल. क्लच पुरता सुटणार नाही. प्रत्येक गिअरला बॉक्स दात खाईल. तुला सहा सुताचा मास्टर हवा."

"मग खालचा बारीक लावा."

"लावता येतो," मला कबूल करावं लागलं. "पण—"

"त्यापेक्षा बॉक्सच्या पोटात बसतो तो गोल स्लेव्ह लावू," सुलेमाना मध्येच म्हणाला. "नवीन फॅशन आहे. दांडा नको, काटा नको."

"आणि गळला की अख्खा बॉक्स उतरव! घाटात उतरवणार का तुझा बाप? बाहेरचाच लावायचा. गळला तर डोळ्यांना दिसतो."

"बापाला मध्ये आणू नकोस, बेदियाको. माझा बाप उंटावर बसायचा, त्याला क्लच नव्हता."

नेहमी अशा बोलण्यावर गिऱ्हाईक हसतं. पोकुआ हसली नाही. ती पेडलच्या झिजलेल्या रबरावर अंगठा फिरवत होती.

"तो येतो, मामा," ती म्हणाली.

"कोण?"

"दुओदू. झोपले की येतो. पलंगाच्या कडेला बसतो, माझ्याकडे पाठ करून. बोलत नाही. नुसते पाय हलवतो. कधी डावा, कधी उजवा. जमिनीवर दाबतो, सोडतो, पुन्हा दाबतो. पास्टर म्हणाले, तो चालतोय, त्याला पूर्वजांच्या गावाला जायचंय पण वाट सापडत नाही. सासू म्हणाली, दारू पिऊन मेलेला माणूस असाच झिंगत राहतो. मला वाटलं, त्याला त्याची गाडी हवी असेल. म्हणून हे काढून आणलं."

मी सुलेमानाकडे बघितलं. त्याचा चेहरा उतरला होता. आम्ही दोघांनी आयुष्य गाड्यांखाली काढलंय.

"पाय कसे हलवतो? करून दाखव," मी म्हणालो.

ती डब्यावर बसल्या बसल्या करून दाखवू लागली. डाव्या पायाने भराभर दाबलं, सोडलं, दाबलं, सोडलं. मग उजव्याने तसंच. मग पुन्हा डाव्याने, टाच उचलून, सगळा जोर लावून. शेडवरचे पत्रे वाऱ्याने वाजत होते, तरी तिच्या चपलेचा आवाज मला स्वच्छ ऐकू येत होता.

ते चालणं नव्हतं. तेलाचा दाब गेला की ड्रायव्हर असाच पाय मारतो. पेडल रिकामा जातो, तो पुन्हा मारतो, काहीतरी उरलं असेल या आशेने. शुद्धीवरचा माणूसच असा पाय मारतो. प्यालेल्याला एवढं सुचत नाही.

 मी मास्टर शिकंज्यात धरला आणि मागचं झाकण उघडलं. आतला पिस्टन बाहेर येईना. हातोडीच्या दांड्याने ठोकून ठोकून काढला, आणि आला तो अडखळत, जणू आतून कोणी धरून ठेवला होता. त्यावरचं रबरी सील बघून सुलेमानाने जीभ चावली. सील घट्ट, काळं आणि कडक असायला हवं. हे पाण्यात राहिलेल्या पावासारखं फुगलं होतं. बोटाने दाबलं तर दबत होतं.

"पाणी आण," मी म्हणालो.

आत उरलेला काळा थेंब सुलेमानाने पाण्याच्या भांड्यात टाकला. ब्रेक ऑइल पाण्यात विरघळून जातं. हा थेंब विरघळला नाही. वर तरंगला आणि इंद्रधनुष्यासारखा पसरला.

"हे इंजिनचं तेल आहे," सुलेमाना हळूच म्हणाला. "ब्रेकच्या डब्यात कोणीतरी इंजिनचं तेल ओतलंय."

"त्याने काय होतं?" पोकुआने विचारलं.

मला ते सांगावंसं वाटत नव्हतं, पण ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "रबर फुगतं. एक-दोन दिवस पेडल जड लागतो. मग अडकतो, परत येत नाही. त्या बसमध्ये क्लच आणि ब्रेक दोन्हींना एकाच डब्यातून तेल जायचं. म्हणजे…"

"म्हणजे दोन्ही गेले."

"हो."

"चढावर."

"हो, पोकुआ. त्याने गिअर बदलायला क्लच दाबला असेल आणि गिअर पडला नसेल. मग ब्रेक."

ती रडली नाही. तिने ते फुगलेलं सील उचललं, डोक्याच्या फडक्याच्या टोकात बांधलं आणि गाठ दातांनी घट्ट केली. "हे कोणाला सांगू नका," ती म्हणाली. "बॉक्स बसवा. तुम्ही म्हणाल तो मास्टर घाला. पेडल मात्र हाच."

त्या कामाला मी कधी नाही एवढा जपलो. बॉक्स आणला तो दोनदा उघडून पाहिला. मास्टर सहा सुताचा नवा घेतला, स्लेव्ह बाहेरचा, सात सुताचा. दोन्ही एकाच दुकानातून घेतले, नख लावून सीलं तपासली. नळीसाठी सुलेमानाने लोखंडी पाइप असा वाकवला की सायलेन्सरपासून हातभर लांब राहील. नाही तर चढावर उष्णतेने तेल उकळतं. वर ब्रेकपासून वेगळा, क्लचचा स्वतःचा छोटा डबा बसवला. सुलेमाना मुसलमान, तरी तेल ओतण्याआधी त्याने, आम्ही पूर्वजांना दारू वाहताना घेतो तसं, दुओदूचं नाव घेतलं. मी ते न ऐकल्यासारखं केलं. हवा काढताना सुलेमाना पेडल मारत होता आणि मी खाली नट सोडत होतो. मध्येच तो म्हणाला, "बेदियाको, पाय मी काढलाय."

"मग?"

"मग पेडल अजून खाली का आहे?"

मी वर येऊन बघितलं तेव्हा पेडल वरच होता, जिथे असायला हवा तिथे. सुलेमाना मात्र त्या दिवसानंतर त्या सीटवर बसला नाही.

दुसऱ्या दिवशी बाफोर आला. एका पायाने लंगडत. उडी मारली तेव्हाची ती खूण. त्याच्या हातात केंकेचं, मक्याच्या उंड्यांचं, पुडकं होतं, माझ्यासाठी आणलेलं. मला आश्चर्य वाटलं. आमची तशी ओळख नव्हती.

"मामा, वहिनी म्हणे दादाच्या बसचं सामान लावून घेतेय," तो म्हणाला. "आई काळजी करतेय. मेलेल्याच्या गाडीचं लोखंड नवीन गाडीत घालू नये. मी ते घेऊन जातो, नदीत टाकतो."

"पेडल लावून झाला."

"आणि मास्टर?"

पेडलबद्दल त्याला आईने सांगितलं असेल. मास्टर हा शब्द त्या म्हातारीच्या तोंडी कुठून यायचा?

"मास्टर वापरला नाही," मी म्हणालो.

"उघडला नाही ना? म्हणजे, जुना होता, म्हणून विचारलं." त्याची नजर बाकावर फिरत होती. कपाळावर घाम होता, आणि सकाळची वेळ होती.

तेवढ्यात मागून पोकुआचा आवाज आला. ती कधी आली ते कळलंच नाही. "बरा भेटलास, बाफोर. गाडी चढावर चालवून बघायची आहे. क्लीनर लागेल. चल."

"वहिनी, मी आता गाडीवर जात नाही."

"आज जा. मामाही येतायत."

मला जायचं नव्हतं. पण तिने मला विचारलं नव्हतंच.

ती चालवत होती, मी मध्ये, बाफोर दाराशी. गाडीत तिने मिठाची आणि सिमेंटची पोती भरून घेतली होती. ओझ्याशिवाय घाट कळत नाही, म्हणे. क्लच छान होता. पाय ना जड ना हलका, गिअर लोण्यात सुरी जावी तसा पडत होता, आणि माझ्यातला फिटर मनातून खूश झाला होता.  माम्पाँगचा चढ सुरू झाल्यावर बाफोरने दाराची कडी हातात धरली.

"कडी सोड," पोकुआ म्हणाली. नजर रस्त्यावर.

त्याने सोडली.

वळणाआधी तिने दुसरा गिअर टाकला आणि डावा पाय पेडलवरून काढून बाजूला ठेवला. मी ते बघितलं. माझी नजर कामाच्या सवयीने तिथेच होती. वळणावर रस्ता वर उचलला जातो आणि समोर फक्त आकाश दिसतं. तिथे पेडल खाली गेला.

हळूच, तळापर्यंत. कोणाचाही पाय त्यावर नव्हता. इंजिन मोकळं होऊन किंचाळलं, गाडीचा जोर गेला आणि क्षणभर आम्ही हवेत टांगल्यासारखे झालो. मग मागे सरकलो. पोकुआने ब्रेक दाबला आणि हँडब्रेक ओढला. गाडी थांबली. पेडल वर आला आणि पुन्हा खाली गेला. पुन्हा वर, पुन्हा खाली, भराभर. लोखंडी दांड्याचा तो खटखट आवाज मी सांगू शकत नाही. झिजलेलं रबर प्रत्येक वेळी जिथे झिजलंय तिथेच दबत होतं.

"दादा, बास कर!" बाफोर ओरडला. त्याने दोन्ही कान दाबले होते. "बास कर, बास कर, सांगतो!"

पोकुआने त्याच्याकडे वळून पाहिलं नाही. "सांग."

"त्याने मला ब्रेक ऑइल आणायला पाठवलं होतं. दुकान लांब होतं. मक्याच्या चक्कीवर ओळखीचा माणूस होता, त्याने बाटलीत तेल दिलं. मला वाटलं, तेल ते तेल. मला खरंच तसं वाटलं, वहिनी. मग दोन दिवसांनी या वळणावर तो पाय मारायला लागला. माझ्याकडे बघून म्हणाला, 'काय ओतलंस रे?' रागावला नव्हता. नुसतं विचारलं. म्हणाला, उतर आणि चाकामागे दगड टाक. मी उडी मारली. दगड… दगड टाकलाच नाही. मी पळालो."

गाडीत इंजिनचाच आवाज उरला. मी खाली बघितलं. पेडल वर आला होता आणि तसाच राहिला होता.

"आणि दारू?" पोकुआने विचारलं.

"पोलिसांनी विचारलं काय झालं. माझ्या तोंडातून निघून गेलं. एकदा निघालं, मग परत घेता येईना."

तिने पहिला गिअर टाकला आणि हँडब्रेक सोडला. वर माम्पाँगच्या बाजारात तिने गाडी थांबवली. तिथे मी गाडीखाली शिरलो. डब्यातलं तेल जराही उतरलं नव्हतं. नळी कोरडी, स्लेव्ह कोरडा, हवेचा बुडबुडा नाही. परत आल्यावर सुलेमानाने सगळं खोलून पाहिलं. त्यालाही काही सापडलं नाही. सापडावं म्हणून त्याने फार प्रयत्न केला, हेही सांगतो.

बाफोरने कुळाच्या प्रमुखासमोर तोंड उघडलं. पोकुआने फडक्याची गाठ सोडून सील समोर ठेवलं, आणि काय होतं ते मी सांगितलं. सासू आधी माझ्यावर ओरडली, मग बाफोरवर, आणि मग जमिनीवर बसली ती कोणालाच उठवता येईना. त्या तीन बायकांच्या घरी माणसं गेली, मेंढी कापली, माफी मागितली. एका घराने दार उघडलं नाही. वर्षश्राद्ध मात्र नीट झालं. ढोल वाजले, दुओदूचा फोटो दारात लावला, आणि पोकुआ पहिल्या रांगेत बसली.

त्या दिवशी प्रमुखाने सगळ्यांसमोर तिला विचारलं, "बाई, तुझ्यावर अन्याय झाला. कुळाने तुला काय द्यायचं?"

लोकांना वाटलं ती घर मागेल. दुओदूचं घर आमच्या रीतीप्रमाणे भावाकडे गेलं होतं.

"बाफोर द्या," ती म्हणाली. "माझ्या गाडीवर क्लीनर म्हणून."

लोक एकमेकांकडे बघू लागले. कोणी म्हणालं, केवढं मोठं मन! माझ्या शेजारची म्हातारी मात्र पुटपुटली, "याहून फाशी बरी." मला आजही ठरवता आलेलं नाही.

एकदा मी पोकुआला विचारलं, "दुओदू अजून येतो का?"

"येतो. आता नुसता बसतो. पाय हलवत नाही." थोडं थांबून ती म्हणाली, "पाठ मात्र माझ्याकडेच असते, मामा. मला वाटलं होतं, एकदा वळेल."

बाजाराच्या दिवशी तिची व्हॅन आमच्या शेडवरून जाते. कधी चहाला थांबते. गाडी पुरती थांबायच्या आत बाफोर उडी मारतो, हातात लाकडी पाचर घेऊन, आणि लंगडत मागे पळतो. पाचर चाकामागे पायाने ठोकून बसवतो, मग वाकून हाताने हलवून बघतो, मग पुन्हा ठोकतो. आमच्या शेडपुढची जमीन परातीसारखी सपाट आहे. सुलेमाना एकदा त्याला हसून म्हणालाही, "अरे, गाडी काय उडून जाणारेय?" बाफोरने ऐकलं नाही, की ऐकून सोडून दिलं, कोण जाणे. पोकुआ आरशातून त्याच्याकडे बघत असते, आणि तो उठून उभा राहीपर्यंत इंजिन बंद करत नाही.